कांदा बीजोत्पादन आणि तणनाशक : सीड प्लॉटवाले कायम विचारतात ते प्रश्न

जालना, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा पट्ट्यात आणि तिकडे नाशिक-नगरकडे पण, ऑक्टोबर-नोव्हेंबरात सीड प्लॉटला (बियाण्यासाठी धरलेल्या रानात) गोट, म्हणजे बियाण्याचे कांदे, लावले की दहा-पंधरा दिवसांत फोन सुरू होतात, सगळ्यांचे प्रश्न साधारण तेच. म्हणून एका जागी लिहून ठेवतोय. मुख्य कांदा बियाण्याबद्दलच आहे, टोमॅटो-मिरची-भेंडीवाल्यांसाठी शेवटी थोडं आहे.

बाजारात विकायच्या कांद्यातलं तण आणि सीड प्लॉटमधलं तण, फरक काय? तण ते तणच ना?

नाही, इथेच सगळे चुकतात. बाजाराच्या कांद्यात तण राहिलं तर दोन-चार क्विंटल कमी भरेल, विषय संपला. सीड प्लॉटमध्ये तणाचं बी तुमच्या बियाण्यात येतं, आणि प्रमाणित कांदा बियाण्याला नियम असा आहे की एक किलोत तणाचे १० पेक्षा जास्त दाणे चालत नाहीत, पायाभूत बियाण्याला (ज्यापासून पुढे प्रमाणित बियाणं बनतं) तर फक्त ५. आता एक किलो कांदा बी म्हणजे साधारण अडीच लाख दाणे धरा, त्यात दहा! उगवण ७० टक्क्यांच्या वर आहे, ओलावा ८ टक्क्यांच्या आत आहे, दाणा टपोरा आहे, सगळं बरोबर आणि लॉट (तपासणीला दिलेला बियाण्याचा माल) तणाच्या दाण्यांवर अडकला, असं होऊ शकतं. त्यामुळे इथे "८० टक्के तण मेलं, लय झालं" हा हिशोब चालत नाही, उरलेल्या २० टक्क्यांत कोणतं तण आहे ते बघावं लागतं.

डेंगळ्याच्या, म्हणजे फुलाचे दांडे येणाऱ्या बियाण्याच्या कांद्याच्या, रानात तण एवढं का फोफावतं?

कारण कांद्याची पात सरळ वर जाते, जमिनीवर सावली पडतच नाही. त्यात रोपाच्या कांद्यापेक्षा गोटांचं अंतर जास्त, दोन ओळींमध्ये दीड-दोन फूट मोकळी जागा, वर ठिबक आणि खत. आणि पीक नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत रानात उभं, म्हणजे तणाच्या दोन पिढ्या तुम्ही आरामात पोसता, आधी थंडीतलं चंदन बटवा वगैरे आणि मग फेब्रुवारी-मार्चला ऊन वाढलं की घोळ, माठ, गाजर गवत.

मग सुरुवातीलाच कोणतं तणनाशक मारायचं?

दोन आहेत, आणि दोन्ही उगवणीपूर्वीची, म्हणजे तण उगवायच्या आधी मारायची. ऑक्सिफ्लोरफेन २३.५ टक्के ईसी (पाण्यात मिसळायचं तेलकट द्रावण), लिटरला १.५ ते २ मिली, किंवा पेंडिमेथॅलिन ३० टक्के ईसी, लिटरला ३.५ ते ४ मिली. राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संचालनालयाच्या सल्ल्यात कांद्यासाठी हीच दोन येतात. गोट लावून, हलकं पाणी देऊन, वाफसा आला की कोंब वर यायच्या आत मारून मोकळं व्हायचं. गोटाचा वरचा भाग कापून लावलेला असतो त्यामुळे कोंब लवकर निघतो, "पुढच्या आठवड्यात बघू" म्हटलं की वेळ गेली. मी तर म्हणतो लागवडीनंतर तीन दिवसांच्या पुढे जाऊच नका.

दोन्हीतलं चांगलं कोणतं?

रानावर आहे. ऑक्सिफ्लोरफेन जमिनीच्या वरच्या थरात घट्ट चिकटून बसतं, एक पातळ थरच तयार होतो म्हणा, आणि तणाचा कोंब त्यातून वर येताना जळतो. रुंद पानाच्या तणावर, म्हणजे चंदन बटवा, माठ, घोळ यांच्यावर हे भारी चालतं. पण तो थर मोडला की संपलं, फवारणी केली आणि चार दिवसांनी कोळपं घातलं तर पैसे पाण्यात. पेंडिमेथॅलिन तणाच्या मुळाची आणि कोंबाची वाढच थांबवतं, गवतवर्गीय तणावर चांगलं आहे, पण ते कोरड्या मातीवर उन्हात पडून राहिलं तर उडून जातं, ओल पाहिजेच. मला विचाराल तर जिथे चंदन बटव्याचा त्रास आहे तिथे ऑक्सिफ्लोरफेन, आणि जिथे शिप्पी-बरबड्यासारखं गवत जास्त तिथे पेंडिमेथॅलिन. दोन्ही एकत्र करून मारायच्या फंदात पडू नका.

एकराला किती आणि पंपाला किती, ते सरळ सांगा

एकराला २०० लिटर पाणी धरा, म्हणजे १५ लिटरचे तेरा-चौदा पंप. ऑक्सिफ्लोरफेन १.५ मिलीने ३०० मिली एकरी होतं, पंपाला साडेबावीस मिली. याच्या लेबलवर कांद्याला हेक्टरी ४२५ ते ८५० मिली दिलंय, म्हणजे एकरी १७० ते ३४० मिली, तर ३०० त्यात बसतं, लिटरला पूर्ण २ मिली धरलं तर ४०० होतं आणि तुम्ही लेबलच्या वर जाता, म्हणून मी १.५ लाच थांबतो. हलक्या मुरमाड रानात तर त्याहून कमी ठेवा. पेंडिमेथॅलिन ३.५ मिलीने ७०० मिली एकरी.

आता खरी भानगड इथे आहे की बरेच जण एकराला सात-आठ पंपातच उरकतात आणि डोस मात्र पंपाच्या हिशोबाने टाकतात, मग एकरी औषध निम्मंच पडतं आणि वर म्हणतात औषध डुप्लिकेट होतं. आधी साध्या पाण्याचा एक पंप मारून बघा, किती ओळी भिजतात ते मोजा, त्यावरून एकराचे पंप काढा आणि एकराची मात्रा तेवढ्या पंपात वाटा. पंधरा मिनिटांचं काम आहे, कुणी करत नाही.

नोझल कोणतं लावू?

फ्लॅट फॅन किंवा फ्लड जेट. किडीच्या औषधाचं गोल फवारा मारणारं नोझल तणनाशकाला लावायचं नाही, त्याने बारीक थेंब उडतात आणि पट्टे सुटतात. तणनाशक मारताना मागे चालत जा म्हणजे फवारलेल्या जागेवर पाय पडत नाही. आणि तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवा बाबांनो. धुऊन वापरू म्हणता, पण पाइपात आणि वॉशरमध्ये राहिलेलं थोडंसं २,४-डी (गव्हात रुंद पानाच्या तणावर मारतात ते तणनाशक) टोमॅटोची पानं वाकडी करायला पुरतं.

औषध मारल्यावर पातीवर पांढरे डाग आलेत, टोकं वाकडी झालीत. प्लॉट गेला का?

ऑक्सिफ्लोरफेन उशिरा मारलं किंवा कोंब वर आल्यावर मारलं की असं होतं. हे औषध झाडात फिरत नाही, जिथे थेंब पडला तिथेच जाळतं, म्हणून नवीन येणारी पात बघा. नवीन पात हिरवीगार असेल तर काही गेलं नाही, एक हलकं पाणी द्या आणि आठ दिवस त्या प्लॉटला काहीही फवारू नका. टॉनिक पण नको. लोक घाबरून लगेच तीन-चार गोष्टी एकत्र मारतात आणि मग कशाने काय झालं तेच कळत नाही. नवीन पात पण पिवळी किंवा पिळलेली येत असेल तर मात्र मागच्या पिकाच्या औषधाचा संशय घ्या, त्याचं खाली लिहिलंय.

पीक महिन्याचं झालं आणि गवत माजलंय, आता?

गवतवर्गीय तण असेल तर क्विझालोफॉप इथाईल ५ टक्के ईसी, एकरी ३०० ते ४०० मिली, किंवा प्रोपॅक्विझाफॉप १० टक्के ईसी, एकरी २५० मिली. दोन्ही कांद्याला चालतात, लेबलवर कांदा आहे. गवत दोन ते चार पानांवर असताना मारायचं. जमिनीत ओल पाहिजे, गवत तजेलदार पाहिजे, सुकलेल्या गवतावर मारलं तर ते औषध ओढतच नाही.

आणि हो, मारल्यावर तिसऱ्या दिवशी फोन करू नका की गवत हिरवंच आहे म्हणून! हे औषध वरून जाळत नाही, शेंड्याच्या आत कोंब कुजवतं. सहा-सात दिवसांनी रानात जा, गवताची मधली सुरळी चिमटीत धरून हळू ओढा. ती अलगद हातात आली आणि तिचं बूड तपकिरी, मऊ पडलेलं दिसलं की समजा काम झालं, बाकीचं गवत दहा-पंधरा दिवसांत वाळेल. सुरळी ओढूनही निघत नसेल तर मात्र डोस, पाणी, वेळ यातलं काहीतरी चुकलंय.

आणि रुंद पानाचं तण उगवून आलं तर?

इथे पर्याय फार नाहीत, खरं सांगतो. प्रोपॅक्विझाफॉप ५ टक्के आणि ऑक्सिफ्लोरफेन १२ टक्के असं तयार मिश्रण मिळतं, कांद्याला शिफारस आहे, हेक्टरी ८७५ मिली म्हणजे एकरी ३५०. तण दोन-तीन पानांवर असेल तरच. चंदन बटवा वीतभर झाला की त्याला फक्त झळ लागते, खालून परत फुटतो, आणि तुमच्या पातीवर डाग पडतात ते वेगळेच. त्यामुळे चार पानांच्या पुढे गेलेल्या तणाला खुरपं. बायका मिळत नाहीत, रोजंदारी परवडत नाही हे सगळं मान्य, पण त्या स्टेजला बाटलीत उत्तर नाही. आणि डेंगळे निघायला लागले की वरून कोणतंही तणनाशक बंद.

म्हणजे तणनाशक मारूनही खुरपणी करावीच लागणार?

हो. उगवणीपूर्वीचं औषध साधारण महिना-दीड महिना रान स्वच्छ ठेवतं. नंतर ४० ते ६० दिवसांच्या मध्ये एक खुरपणी, त्याच वेळी मातीची भर, म्हणजे डेंगळे वाऱ्याने लोळत नाहीत. भर ही डेंगळे निघायच्या आधीच लावायची, नंतर आत शिरलात तर दांडे मोडतात, आणि मोडलेला दांडा म्हणजे गेलेला गोंडा (दांड्यावरचा फुला-बियांचा झुपका). मग काढणीच्या आधी एकदा फक्त तण उपटायला फेरी. ही शेवटची फेरी लोक वाचवतात आणि नेमका लॉट तिथेच मार खातो.

सगळ्यात वाईट तण कोणतं?

लव्हाळा म्हणाल तुम्ही, पण बियाण्याच्या दृष्टीने मी हरणखुरीचं नाव घेईन, काही ठिकाणी चांदवेल म्हणतात. पांढरी-गुलाबी फुलं येणारा वेल, डेंगळ्याच्या दांड्याला पिळा घालत वर गोंड्यापर्यंत जातो, आणि गोंडे कापताना त्याची बोंडं पण सोबत येतात. आता त्याचा दाणा हातात घेऊन बघा. काळपट, एक बाजू फुगीर, दोन बाजू चपट्या, तीन-चार मिलीमीटरचा. कांद्याचा दाणा बघा, काळा, तिकोनी, तीन मिलीमीटरचा. चाळणीने वेगळा होईल का? माठाचा आणि चंदन बटव्याचा दाणा मिलीमीटरभराचा असतो, तो चाळणीतून खाली पडतो, ती काळजी मशीन घेईल. हरणखुरीची काळजी मशीन घेणार नाही. म्हणून हा वेल फुलावर यायच्या आधी, दिसेल तिथे उपटा, आणि मूळ खोल असतं, परत फुटतो, म्हणून त्या जागेवर काठी रोवून ठेवा आणि पंधरा दिवसांनी परत जाऊन बघा. उभ्या कांद्यात याला मारणारं आणि कांद्याला न दुखावणारं भरवशाचं औषध नाही.

लव्हाळ्याचं काय करू मग?

लव्हाळा हे गवत नाही, त्याचा वर्गच वेगळा आहे, काडी हातात फिरवून बघा, तिकोनी लागते. त्यामुळे क्विझालोफॉपसारखी गवतावरची औषधं त्याला काही करत नाहीत, दुकानदार काहीही म्हणो. खुरपलं तर जमिनीखालच्या गाठी जाग्या होतात, एकाच्या जागी चार येतात. उसात हॅलोसल्फुरॉन मारून लव्हाळा जातो म्हणून काही जण ते कांद्यात मारायचं बघतात, तर नाही, कांद्यासाठी ते नाही. लव्हाळ्याचं रान असेल तर उन्हाळ्यात खोल नांगरट करून गाठी उन्हात वाळू द्या, गोळा करून बाहेर काढा, आणि खरं सांगायचं तर सीड प्लॉटला ते रानच घेऊ नका. तसंच हरळीचं, काशा वेचून मगच लागवड.

मागच्या पिकात मारलेल्या तणनाशकाचा कांद्यावर परिणाम होतो का?

होतो, आणि याकडे कुणाचं लक्षच नसतं. आपल्याकडे सोयाबीन काढून लगेच गोट लावतात. सोयाबीनमध्ये इमॅझेथापायर मारलं असेल तर ते जमिनीत बरेच महिने टिकतं आणि कांदा त्याला नाजूक आहे. मक्यातलं ॲट्राझिन पण तसंच. पाऊस कमी झाला, जमीन भारी असली की आणखी जास्त टिकतं. रान खंडाने घेतलं असेल तर मालकाला विचारा खरिपात काय मारलं होतं, आठवत नसेल तर लागवडीच्या महिनाभर आधी त्या रानातली माती दोन कुंड्यांत भरून कांद्याचं बी टाका, आणि बांधावरची न फवारलेली माती तिसऱ्या कुंडीत. तीन आठवड्यांत फरक दिसतो. खर्च शून्य.

शेजाऱ्याने गव्हात २,४-डी मारलं, माझ्या प्लॉटला धोका आहे का?

कांद्याला तेवढा नाही, तरी कोवळे डेंगळे वाकडे होऊ शकतात. पण शेजारी टोमॅटो, कापूस, द्राक्ष असेल तर फार मोठा धोका, या पिकांना त्याची वाफसुद्धा सहन होत नाही. भांडणापेक्षा डिसेंबर लागायच्या आधीच जाऊन बोलून ठेवा की दादा, गव्हाला मारायच्या आदल्या दिवशी सांग, वारं पडलेलं बघून सकाळी मार, आणि आपल्या बाजूच्या चार-पाच ओळी खुरपून घे, एक बाई मी देतो. यात दोघांचंही भलं आहे, आणि विलगीकरणाच्या अंतरासाठी (दुसऱ्या जातीच्या कांद्यापासून ठेवायचं अंतर) पण याच शेजाऱ्याशी गोड राहायचं असतं, त्याने दुसऱ्या जातीचे डेंगळे बांधाला लावले तर तणाचा प्रश्न बाजूलाच राहील. प्रमाणित बियाण्याला ५०० मीटर लागतं.

फुलोऱ्यात तण दिसतंय, काही मारता येईल?

नाही. कांद्याच्या एकाच फुलात पराग आधी पिकतो आणि स्त्रीकेसर नंतर, म्हणजे परागीभवनाला दुसऱ्या फुलाचा पराग आणायला माशीच लागते. आग्या, सातेरी, फुलोरी ज्या मधमाश्या असतील त्या येऊ द्या, फवारून हाकलू नका. फुलोऱ्यात जे कराल ते हाताने, आणि दुपारनंतर. बांधावर फुलावर आलेलं गाजर गवत मात्र त्याआधीच कापून टाका, थ्रिप्सचा (फुलकिड्यांचा) अड्डा असतो तो.

बांधावर किंवा दोन ओळींच्या मधे ग्लायफोसेट (सगळं हिरवं मारणारं तणनाशक), नोझलला टोपी लावून मारू का?

उभ्या सीड प्लॉटमध्ये नको. टोपी लावा नाहीतर काही लावा, एक वाऱ्याची झुळूक आणि दोन ओळी गेल्या. शिवाय भारतात ते भाजीपाल्यात वापरायला मंजूरच नव्हतं, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने अधिसूचना काढून ते फक्त पेस्ट कंट्रोल ऑपरेटरमार्फतच वापरायचं अशी अट घातली. बांध कापायला ग्रास कटर भाड्याने मिळतो की.

काढणीच्या आधी गवत आणि पात लवकर वाळावी म्हणून पॅराक्वाट (हिरवं जाळणारं तणनाशक) मारतात, ते बरोबर आहे का?

बियाण्याच्या पिकाला? अजिबात नाही. दाणा भरत असताना वरून मारलेलं औषध थेट गोंड्यावर पडतं, त्याजागी ग्लायफोसेट मारलं तर ते झाडातून दाण्यापर्यंत पोचतं आणि उगवण, रोपाचा जोम दोन्ही खाली आणतं. आणि पॅराक्वाट पोटात गेलं तर त्याला उतारा नाही, हे घरातल्या सगळ्यांना माहीत असू द्या. पाण्याच्या बाटलीत काढून ठेवणं हा प्रकार तर बंदच करा.

आम्ही शेडनेटमध्ये टोमॅटो-मिरचीचं क्रॉसिंग (हायब्रीड बियाण्यासाठी हाताने परागीकरण) करतो, तिथे काय?

नेटमध्ये तणनाशकाचा विचारच कमी करा, बेडवर मल्चिंग, पट्ट्यात हाताने. टोमॅटोला मेट्रिब्युझिन चालतं असं तुम्ही ऐकलं असेल, पण ते सगळ्या जातींना सारखं सोसत नाही, आणि तुमच्याकडे असतात नर-मादीच्या ओळी, बाजारातला दणकट हायब्रीड नव्हे. मादी ओळ होरपळली तर क्रॉसिंगचा अख्खा हंगाम गेला. मारायचंच असेल तर बियाणे कंपनीच्या माणसाला विचारून आधी पाच-सहा झाडांवर.

भेंडीवाल्यांसाठी एकच, रानभेंडी. ती भेंडीचीच भावकी, जे औषध भेंडीला सोसतं ते तिलाही सोसतं. तिचा पराग पण भेंडीवर येतो. ती हातानेच काढायची, फुलाच्या आधी.

कंपनीला सांगायचं का कोणतं तणनाशक मारलं ते?

मारायच्या आधी सांगायचं. करारात बरेचदा तशी अट असते, वाचा जरा. तारीख, औषधाचं नाव, टक्केवारी, एकरी किती, बॅच नंबर एका वहीत, आणि पक्कं बिल. बिलाशिवाय दहा टक्के स्वस्त देतो म्हणणाऱ्याकडून घेतलं आणि प्लॉट जळला तर तक्रार कुठे करणार? रिकाम्या बाटलीचं लेबल प्लॉट निघेपर्यंत फेकू नका.

लॉट तणाच्या बियांवर नापास झाला, परत साफ करून देता येतो का?

माठ-घोळासारखं बारीक बी असेल तर हो, चाळणी बदलून, हवेचा झोत सेट करून परत ग्रेडिंग करा आणि परत नमुना द्या, बहुतेक वेळा पास होतो. हरणखुरी असेल तर मशीनवर फार वेळ घालवू नका, जातं थोडंफार पण सोबत तुमचं चांगलं बी पण जातं. थोडा लॉट असेल तर ताटात पसरून निवडून घेतात बायका, पायाभूत बियाण्याला ते परवडतं सुद्धा. मोठ्या लॉटला नाही. म्हणून गोंडे कापतानाच वेल गुंडाळलेले गोंडे वेगळ्या पोत्यात टाका, वेगळे वाळवा, वेगळे मळा. दोन पोत्यांमुळे पूर्ण खळं खराब करू नका. आणि ते वेगळं मळलेलं बी घरच्या रोपवाटिकेत पण टाकू नका, नाहीतर पुढच्या वर्षी हाच प्रश्न परत विचाराल.